शेवटच्या लाईटनंतरचे पंधरा दिवस

कॅन्सरवरच्या रेडिएशनला आमच्याकडे सगळे ‘लाईट’ म्हणतात. तिचा शेवटचा दिवस आमच्या विभागात छोट्या सणासारखा असतो. कुणी पेढे आणतं, कुणी मालवणी खाजा, मे महिना असला तर घरचे आंबे. टेक्निशियन जाळीचा मास्क हातात देतो, नातेवाईक फोटो काढतात आणि मुंबईच्या मुलाला फोन जातो, ‘झालं सगळं.’ पेढा मीही खाते, पण माझं लक्ष त्या माणसाच्या मानेकडे असतं. त्याचं सगळं अजून व्हायचं असतं.

तोंड, घसा आणि मान इथल्या रेडिएशनचा त्रास सगळ्यात जास्त होतो तो शेवटच्या एखाद्या आठवड्यात आणि लाईट संपल्यावरच्या एक-दोन आठवड्यांत. स्तनाच्या कॅन्सरला आता बऱ्याच जणींना 15 दिवसांची, म्हणजे तीन आठवड्यांची लाईट देतात. त्यांची तर कातडी खरी लाल होते ती घरी गेल्यावरच. उपचार चालू असताना माणूस रोज आमच्या नजरेखाली असतो. लाईट संपली की तो गावी जातो. घर खाडीपलीकडे किंवा घाटाच्या पायथ्याशी. आणि घरातल्या सगळ्यांची समजूत एकच, की उपचार संपले, म्हणजे आता रोज थोडं थोडं बरं वाटायला हवं. दिवसागणिक आग वाढायला लागली की घाबरगुंडी उडते. ‘लाईट जास्त दिली की काय?’, ‘रोग उलटला की काय?’ मग कुणीतरी पाला सांगतो, कुणीतरी लेप.

मी रेडिएशन विभागात सिस्टर आहे. एकेकाळी कोकणातल्या माणसाला कॅन्सर म्हटलं की परळच. 1941 साली सुरू झालेलं टाटा रुग्णालय आणि त्याच्या आसपासच्या धर्मशाळा आमच्याकडच्या कितीतरी घरांना तोंडपाठ आहेत. आता काही जण गोव्याला बांबोळीला जातात, काही घाट चढून कोल्हापूरला, काही आमच्यासारख्या जवळच्या ठिकाणी येतात. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना घरी काय करायचं ते शिकवणं हे माझ्याकडे कुणी सोपवलेलं नव्हतं, ते येत येत आलं. आता माझा अर्धा दिवस त्यातच जातो.

आमच्याकडे छापील पत्रक आहे. चुकीचं त्यात काही नाही. सौम्य साबण वापरा, मसालेदार टाळा, भरपूर पाणी प्या, त्वचेची काळजी घ्या. पण ‘मसालेदार टाळा’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या घरात गेलं की त्याचं काय होतं ते ऐका. मसाला बंद म्हणजे कालवण बंद, कालवण बंद म्हणजे मासे बंद. मासे गेले की अंडंही उष्ण म्हणून जातं. उरते नुसती पेज. आठवड्याने वजनाच्या काट्यावर उभं केलं की दोन-अडीच किलो उतरलेले. पत्रक त्यांनी अगदी तंतोतंत पाळलेलं असतं.

म्हणून आता पत्रक देण्याआधी मी विचारते, घरात रांधतं कोण? रुग्णाबरोबर बहुतेक वेळा मुलगा किंवा जावई आलेला असतो. फाईल त्याच्या हातात, पैशांचा व्यवहार त्याच्याकडे, प्रश्नही तोच विचारतो. पण पेजेत मीठ किती घालायचं ते त्याला ठाऊक नसतं. ‘एक दिवस वहिनींना घेऊन या’ असं मी सांगते. शेतीचे दिवस असले की ते जमत नाही, मग फोनवर. सून किंवा बायको समोर बसली की शिकवणं निम्मं सोपं होतं. तिला कारण कळलं की पुढचे उपाय ती माझ्यापेक्षा चांगले काढते.

कारण मी असं सांगते. आपल्या तोंडाची आतली साल आणि वरची कातडी रोज झिजत असते आणि खालून नवी येत असते. लाईट त्या खालच्या, नव्या होणाऱ्या पेशींना जास्त लागते. वरची शेती आज हिरवीगार दिसते, पण तरवाच जळला तर पुढच्या लावणीला रोप आणणार कुठून? म्हणून पहिल्या आठवड्यात काहीच जाणवत नाही आणि लोक म्हणतात, ‘आमच्या बाबांना काही त्रास नाही हो.’ तोंडाची साल भराभर बदलते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आधी तोंड येतं. कातडीला वेळ लागतो, ती मागून येते. लाईट थांबली तरी तरवा पुन्हा उगवायला दिवस लागणारच. एवढं कळलं की लाईट संपल्यावर आग का वाढते ते निराळं सांगावं लागत नाही.

मग मी त्यांना घरचं कॅलेंडर आणायला सांगते, दुधाचा हिशेब लिहितात ते. तारखांवर पेनाने खुणा करते. इथपासून तोंड येईल, इथे चव जाईल, इथे मान काळवंडेल, हा शेवटचा दिवस, आणि त्याच्यापुढच्या पंधरा तारखांभोवती लाल चौकट. त्या चौकटीच्या पुढे लिहिते, ‘इथून उतार.’ बऱ्याचदा हे कॅलेंडर घरातल्या नातवाच्या ताब्यात जातं आणि तो रोज आजोबांना तारीख वाचून दाखवतो.

नातवावरून आठवलं. जवळजवळ प्रत्येक घरात दबक्या आवाजात एक प्रश्न येतो. कुडाळकडच्या एका आजीने मला दाराआड नेऊन विचारलं होतं, ‘बाय, नातवाक जवळ घेतलंय तर चलात मा?’ तिचं ताट वेगळं झालं होतं, अंथरूण पडवीत गेलं होतं. बाहेरून दिलेली लाईट अंगात राहत नाही. मशीन बंद झालं की ती संपली. माणसापासून दुसऱ्याला काही होत नाही. हे मी आता पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आधी, सगळ्यांच्या देखत आणि मोठ्या आवाजात सांगते.

तोंडाच्या रुग्णांची तयारी लाईटच्या आधीच सुरू होते. किडलेले, हलणारे दात आधी काढायचे आणि ती जखम भरायला दहा ते चौदा दिवस द्यायचे. मग मास्क. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर ठेवतात आणि ती त्या चेहऱ्याच्या मापाने घट्ट होते. रोज त्याच मास्कमध्ये, त्याच ठिकाणी. म्हणूनच वजन उतरणं आम्हाला परवडत नाही. गाल आणि मान बारीक झाली की मास्क सैल पडतो, नेम हलतो, कधी कधी सगळी मापं नव्याने घ्यावी लागतात. ‘खा’ म्हणण्यामागे हेही एक कारण आहे हे सांगितलं की पुरुष मंडळींना ते पटकन पटतं. नुसतं ‘ताकद येईल’ म्हटलं तर पटत नाही.

तोंड धुण्याचं पाणी मी समोर करून दाखवते आणि मग त्यांच्याकडून करून घेते. एक लिटरची बाटली, उकळून गार केलेलं पाणी, एक छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा खायचा सोडा. रोज ताजं करायचं, उरलेलं ओतून द्यायचं. दिवसातून सहा-आठ वेळा खळखळून थुंकायचं, जेवणानंतर आणि झोपताना नक्की. ऐकायला किती सोपं! पण सोडा म्हणून दुकानातून काय येईल याचा नेम नाही. बेकिंग पावडर येते, आणि एकदा तर धुण्याचा सोडा आला होता. तो तोंडात गेला असता तर काय झालं असतं! म्हणून पुडी आणून दाखवायची, हा माझा नियम. चमचाही घरचाच आणायला सांगते, कारण ‘छोटा चमचा’ म्हणून एका काकांनी आमटीचा डाव दाखवला होता. बाजारात मिळणारी झोंबणारी माऊथवॉश पूर्ण बंद, त्यांत अल्कोहोल असतं. ब्रश लहान मुलांचा, मऊ केसांचा. जिभेवर किंवा गालाच्या आत दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी. ते चट्टे खरवडायचे नाहीत, आम्हाला दाखवायचे. त्यावर औषध आहे.

आणि मशेरी. कोकणात हे बोलल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड बायका दातांना लावतात आणि तिला कुणी व्यसन म्हणत नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की उत्तर ‘नाही’. ‘सकाळी दात कशाने घासता?’ विचारलं की खरं काय ते कळतं. लाईट चालू असताना तंबाखू कुठल्याही रूपात चालू राहिली तर तोंडाची आग वाढते आणि लाईटचा गुणही कमी येतो. पण वर्षानुवर्षांची मशेरी बंद केली की बाईला परसाकडे होत नाही, डोकं दुखतं, हात थरथरतो. हे होणार हे आधीच सांगावं लागतं. नाहीतर लाईटमुळेच होतंय असं समजून ती चौथ्या दिवशी गुपचूप डबी उघडते. डबी घरातून बाहेर गेली पाहिजे, आणि सासूबाईंनी सोडायची तर सुनेनेही सोडायची. या मुद्द्यावर मी भांडते.

आता जेवण. माझा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त आवडतंही हेच. आजारी माणसाला पथ्य हवं ही आपल्याकडची समजूत इतकी खोलवर आहे, की पथ्य सांगितलं नाही तर डॉक्टर कच्चा वाटतो. त्यामुळे ‘पथ्य नाही’ असं मी म्हणतच नाही. मी म्हणते, या आजाराचं पथ्य म्हणजे वजन उतरू न देणं. मग लोक ऐकतात.

पन्नास किलोच्या माणसाला या दिवसांत रोज 60 ग्रॅमच्या पुढे प्रथिनं लागतात. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम. पेजेवर हा हिशेब जमणार नाही, हे बायकांना आकड्यातच पटतं. पण पेज टाकायचीही नाही, ती भरायची. उकड्या तांदळाची पेज मऊ घोटायची, त्यात नारळाचा दाट रस, तूप, चालत असेल तर दुधाची पावडर. कुळथाची पिठी तर जणू याच माणसांसाठी आहे. फक्त तिखट आणि कोकम वगळायचं, पातळ करायची, कोमट द्यायची. मासे बंद करायचे नाहीत. आजाऱ्याला मुडदुशी द्यायची पद्धत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. काटे काढून, मीठ-हळदीत उकडून, नारळाच्या रसात कालवून मऊ भाताबरोबर. ‘म्हणजे मासे चालतात?’ असं विचारताना समोरच्या काकांचा चेहरा जो उजळतो, तो पाहण्यासारखा असतो. पिकलेला गोड हापूस रस करून चालतो, पण त्याने आग होत असेल तर दूध घालून. सोलकढी मात्र नाही. आंबट आणि हिरव्या मिरचीने जखमेवर मीठ चोळल्यासारखं होतं. नाचणीचं सत्त्व चांगलं, पण पाण्यात नाही, दुधात.

आणि शहाळं! रुग्ण म्हटला की पाहुणे शहाळी घेऊन येतात. दिवसभर शहाळ्याचं पाणी पाजून घरच्यांना वाटतं, पोट भरलं. पेलाभर पाण्यात पन्नाससुद्धा उष्मांक नसतात. पाणी म्हणून उत्तम, जेवण म्हणून शून्य. हे सांगितल्यावर एका घरी पाहुण्यांना शहाळ्यांऐवजी अंडी आणायला सांगितलं गेलं. मला त्या सुनेचं फार कौतुक वाटलं.

मुंबईचे चाकरमानी हा वेगळा विषय. आई-बापावर जीव असतो, लांब असल्याची बोचणी असते, आणि हातात मोबाईल असतो. ‘साखर बंद करा, कॅन्सर साखरेवर वाढतो’ असा निरोप शनिवारी येतो आणि सोमवारी बाबांची खीर बंद झालेली असते. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर घास गिळता न येणाऱ्या माणसाची गोड खीर काढून घेण्यात काय हशील? अशा मुलांना मी व्हिडिओ कॉलवर घेते. त्यांच्याशी वाद घालत नाही. त्यांना काम देते: दर रविवारी वजन विचारून मला कळवा. वजन मोजायला गावात काटा कुठे, हा प्रश्न एका मुलानेच सोडवला. भातगिरणीतला काटा! आता मी सगळ्यांना तोच सांगते. आठवड्यात दोन किलोंच्या वर उतरलं तर थांबायचं नाही, फोन करायचा.

दुखणं असताना कुणी जेवू शकत नाही. दुखण्याचं औषध लोक दुखेल तेव्हा घेतात, किंवा ‘सवय लागेल’ म्हणून घेतच नाहीत. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचं, म्हणजे घास जाईपर्यंत त्याचा गुण येतो. तोंड बधिर करणारी जेल दिली असेल तर ती जेवायच्या थोडी आधी, आणि मग घास लहान, बसून, सावकाश, कारण बधिर घशात ठसका लागतो. चव गेली की रुग्ण म्हणतो, ‘माती खाल्ल्यासारख्या लागता.’ चव परत यायला महिने लागतात, हे आधी सांगितलेलं बरं. ‘औषध समजून जेवा’ हे वाक्य मला स्वतःला फारसं आवडत नाही, पण त्या दिवसांत तेच उपयोगी पडतं.

काहींना नाकातून नळी घालावी लागते. नळी म्हणजे शेवट आला, अशी भीती असते. मी उलट सांगते, नळी म्हणजे तोंडाला रजा. सुनेला किंवा मुलाला खाली बसवून शिकवते. रुग्ण बसलेला हवा, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नळीवरची नाकाजवळची खूण जागेवर आहे का ते दर वेळी आधी बघायचं. खूण सरकली असेल, किंवा घालताना खोकला आला, तर काहीही घालायचं नाही. अन्न कोमट, पातळ, मलमलच्या फडक्यातून गाळलेलं, आणि शेवटी साधं पाणी घालून नळी धुवायची. नाचणी इथे दगा देते. गार झाली की घट्ट होते आणि नळी तुंबते. देवगडकडच्या एका वहिनींनी यावर तोड काढली. सत्त्व करायचं, त्यात भाताची पातळ पेज मिसळायची आणि भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून द्यायचं. तेव्हापासून मी हे त्यांचं म्हणूनच सांगते.

कातडीबद्दल पत्रकात दोन ओळी आहेत. घरात ते प्रकरण मंगळसूत्रापासून सुरू होतं. मानेला लाईट असेल तर गळ्यात काही नको. मणी घासून काळवंडलेल्या कातडीला जखम होते. पुरुषांना साखळी काढायला सांगितलं की काढतात. मंगळसूत्राला बाई गप्प बसते आणि सासूकडे बघते. मी सासूलाच विचारते, ‘काय करूया?’ एकीने सुचवलं मनगटाला बांधू, दुसरीने देव्हाऱ्यात ठेवलं. निर्णय त्यांचा झाला की तो टिकतो.

पुरुषांना ताठ कॉलरचा शर्ट आणि खांद्यावरचा टॉवेल सोडायचा, मानेवर वस्तरा फिरवायचा नाही. अंघोळ चालते, कोमट पाण्याने, पण लाईटच्या नेमासाठी कातडीवर काढलेल्या आमच्या खुणा घासून काढायच्या नाहीत. कातडी टिपायची, चोळायची नाही. त्यासाठी आजीच्या जुन्या धुवट सुती लुगड्याचा तुकडा कुठल्याही महागड्या टॉवेलपेक्षा चांगला. पावडर नाही, हळदीचा लेप नाही, बर्फ नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. दिलेलं मलम मशीनवर यायच्या अगदी आधी फासून यायचं नाही. खोबरेल तेलाचा हट्ट बहुतेक सगळेच धरतात. साल निघून ओल आली असेल तर नकोच, एरवी डॉक्टरांना विचारून, पातळ हाताने आणि लाईटनंतर.

आमची हवा या सगळ्याच्या विरुद्ध आहे. घामाने काखेत आणि स्तनाखालच्या घडीत कातडी आधी सोलवटते. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, मग ते चुलीवर दोरी बांधून वाळवतात आणि काजळीचा कपडा जखमेला लागतो. इस्त्री फिरवून सुकवा, असं मी सांगते. घडीत सुती फडकं ठेवा, घरात असाल तेव्हा काही वेळ मोकळी हवा लागू द्या. ज्यांच्या घशाला लाईट आहे त्यांनी चुलीजवळ बसायचंच नाही, धुराने खोकला लागतो आणि आतली साल पुन्हा फाटते. स्तनाच्या रुग्ण बायकांचा प्रश्न जून-जुलैचा. लावणीला माणसं मिळत नाहीत आणि घरातली बाई चिखलात उतरते. उघडी जखम घेऊन शेतातल्या पाण्यात जाणं आमच्या भागात नुसतं घाण म्हणून वाईट नाही, इथे लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणारा ताप आहे. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला चिरा पडल्या तर तो हात सुजतो तो वेगळाच. ‘यंदा बांधावर उभं राहून दुसऱ्यांवर ओरडायचं काम तुमचं’ असं सांगितलं की हसतात. ऐकतातच असं नाही.

ओटीपोटाच्या लाईटबद्दल बायका बोलत नाहीत. पुरुष नातेवाईकाला बाहेर बसवल्याशिवाय एक शब्द येत नाही. तिथे त्रास जुलाबांचा आणि लघवीच्या जळजळीचा. दिवसात किती वेळा झालं त्याच्या रेघा त्याच कॅलेंडरवर मारायच्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यातच घालायची, पेल्यात नाही. पालेभाजी, फणस, काजू, दूध काही दिवस बाजूला. पेज, मऊ भात, केळं, पातळ ताक. जुलाब थांबवायची गोळी आम्ही सांगू तेव्हाच. उपचार संपल्यावर योनीमार्ग आखडू नये म्हणून एक साधन वापरायला शिकवावं लागतं. ते मी दार लावून, घाई नसलेल्या दिवशी शिकवते आणि त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

सुट्ट्यांचा मुद्दा मात्र सांगायलाच हवा. गणपती आले की कोकणात कोण थांबतो? ‘सिस्टर, पाच दिवसांचा गणपती आहे, मग येतो.’ तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला तरी रोग ताब्यात येण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बाहेरून मशीनने दिलेली आणि आत साधन ठेवून दिलेली, अशी सगळी लाईट आठ आठवड्यांत पुरी व्हायला हवी. त्रास सोसवेना म्हणून पडणारे खाडेही याच हिशेबात येतात. म्हणजे घरी तोंडाची नीट काळजी घेणं हा उपचाराचाच भाग झाला. मूर्ती आणायला शनिवार-रविवार सापडला तर जा, सोमवारी परत या, असा सौदा मी करते. एका घराने दर्शन व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि आरती आमच्या प्रतीक्षा कक्षातच झाली.

मग ते लाल चौकटीतले पंधरा दिवस. लाईट संपल्यावर ठरलेल्या दिवशी मी फोन करते. कसे आहात, असं विचारत नाही. उत्तर ठरलेलं असतं, ‘बरा आसा.’ मी विचारते, आज सकाळपासून पोटात काय काय गेलं? लघवी किती वेळा झाली? सोड्याचं पाणी आज कोणी केलं? कातडीचे फोटो मागवते, पण दिवसाउजेडी, खिडकीशी उभं करून काढलेले. रात्री ट्यूबलाईटखाली काढलेल्या फोटोत सगळ्यांचीच मान भाजल्यासारखी दिसते. रेंज नसेल तर शेजारच्या वाडीतल्या कुणाचा तरी नंबर आधीच घेतलेला असतो. काही गोष्टी फोनवर सुटत नाहीत हेही सांगून ठेवलेलं असतं. ताप 100.4 च्या वर, दिवसभर पाणीसुद्धा न जाणं, श्वास घेताना आवाज, रक्त, जखमेला घाण वास: यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जायचं आणि तिथून आम्हाला फोन लावायचा. ही यादी मी फाईलमध्ये न ठेवता स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवायला सांगते, कारण फाईल कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मुलाकडे.

पंधरा दिवसांनंतर तोंड निवळतं, मानेची काळी साल सुटून खाली गुलाबी कातडी येते आणि माणसं आम्हाला विसरायला लागतात. तशी विसरावीतही, पण दोन गोष्टी मागे राहतात. एक, जबडा. तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का ते रोज बघायचं आणि आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचा व्यायाम चालू ठेवायचा. काड्या गावात मिळत नाहीत म्हणून मी त्यांची जुडी बरोबरच देते. दोन, दात. लाईट लागलेल्या जबड्याच्या हाडाला रक्तपुरवठा कमी होतो. तिथला दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं, आणि हा धोका वर्षं गेली तरी जात नाही. लाळ कमी झालेली असल्याने दात किडतातही लवकर. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहून देते, दात काढायचा झाल्यास आधी आम्हाला फोन.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावातून दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांच्याकडे आमची एक जुनी रुग्ण बसली होती. दाढ ठणकत होती, गाल सुजला होता, पण बाई खुर्चीत बसून तोंडच उघडायला तयार नव्हती. पिशवीतून तो कागद काढून त्यांच्यापुढे धरला होता. मागून तिचा आवाज मला ऐकू येत होता, ‘आदी ह्यो कागद वाचा, मगे तोंड उघडतंय!’ डॉक्टरांनी विचारलं, जबड्याला डोस किती गेला होता? मी फाईल काढली आणि फोन आमच्या डॉक्टरांच्या हातात दिला.